दैवाचा क्रम पाचवा

शर्यतीच्या गाडीत आग विझवणारी यंत्रणा बसवणे हा वरवर पाहता मेकॅनिकचा विषय. नियमपुस्तक उघडावे, मान्यता असलेली बाटली विकत आणावी, नळ्या फिरवाव्यात, गाडी तपासणीला न्यावी. पण या साध्या कामाच्या पोटात एक जुना प्रश्न दडला आहे आणि तो धर्मविचाराचा आहे. जो माणूस स्वखुशीने ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने वळणाला भिडतो, त्याने मरणाची शक्यता आधीच मान्य केलेली असते. मग त्याने आगीची तरतूद कशाला करायची? एक पक्ष म्हणतो, जिवावर उदार व्हायचे असेल तर पुरते व्हावे. ज्याला जीव एवढा प्यारा आहे त्याने घरी बसावे. दुसरा पक्ष म्हणतो, देव तारी त्याला कोण मारी. आयुष्याची दोरी तुटायची त्या क्षणी तुटणारच, तिथे काही किलोंची बाटली काय करणार? पहिला आक्षेप शूराचा आणि दुसरा श्रद्धाळूचा. माझ्या मते दोघेही चुकतात आणि एकाच जागी चुकतात. गाडीतल्या माणसाचे मरण ही तो आणि त्याचे दैव यांच्यातली खाजगी बाब आहे, असे दोघांनीही गृहीत धरलेले असते.

आधी ती वस्तू जवळून पाहू. चालकाच्या आसनामागे किंवा शेजारी, गाडीच्या सांगाड्याला धातूच्या पट्ट्यांनी आवळलेली ही बाटली असते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा, म्हणजे एफआयएचा, नियम असा की तिच्या बांधणीने गुरुत्वाच्या २५ पट धक्का सोसला पाहिजे, कारण टकरीत सुटलेली बाटली चालकाचाच जीव घेऊ शकते. तिच्यातून निघालेल्या नळ्या एकीकडे इंजिनाशी आणि दुसरीकडे कॉकपिटमध्ये जातात. टोकाला नॉझल असतात; त्यांचे तोंड चालकाच्या डोक्यावर रोखलेले असता कामा नये. गाडी कुशीवर पडली, पार उलटी झाली, तरी यंत्रणा चालली पाहिजे. पट्ट्यांनी जखडून बसलेल्या चालकाचा हात खटक्यापर्यंत पोचला पाहिजे. एवढ्यावरही भागत नाही. गाडीच्या बाहेरच्या अंगाला दुसरा खटका लागतो, आणि त्याच्या शेजारी लाल कडेच्या पांढऱ्या वर्तुळात लाल रंगाचे ‘ई’ हे रोमन अक्षर. वर्तुळाचा व्यास निदान १० सेंटिमीटर. खटका ओढला की बाटली काही सेकंदांत रिकामी होते. फॉर्म्युला वनच्या नियमांत हा काळ १० ते ३० सेकंदांचा होता. टाकी फुटून पेटलेला इंधनाचा मोठा भडका एवढ्याने विझेलच असे नाही. ती बाटली पट्टे सोडवायला, बाहेर पडायला, किंवा कुणी येऊन पोचायला थोडा वेळ मिळवून देते, आणि यापेक्षा जास्त वचन तिने कधी दिलेलेही नाही.

बाहेरचा तो खटका मला सगळ्यांत विचार करायला लावणारा वाटतो. आत जखडून बसलेल्या चालकाला त्याचा काहीच उपयोग नाही. तो आहे कुंपणापलीकडून धावत येणाऱ्या मार्शलसाठी, मागची गाडी थांबवून उतरलेल्या प्रतिस्पर्ध्यासाठी; म्हणजे बहुतेक वेळा चालकाला ज्याचे नावही ठाऊक नाही अशा माणसासाठी. तो बसवून घेताना चालक न बोलता दोन गोष्टी कबूल करतो. स्वतःसाठी काहीच करता येणार नाही अशी वेळ माझ्यावर येऊ शकते, ही पहिली. आणि तशा वेळी कुणीतरी माझ्यासाठी आगीत हात घालील, ही दुसरी. या दुसऱ्या कबुलीवर माझे सगळे म्हणणे उभे आहे.

या नियमांमागे माणसांचे मृत्यू आहेत. २४ ऑक्टोबर १९७१ रोजी इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅच येथे स्विस चालक जो सिफर्टची बीआरएम गाडी उलटून पेटली. आघाताने तो गेला नाही. धुराने गुदमरून गेला. ट्रॅकच्या कडेला ठेवलेली आग विझवण्याची साधने ऐन वेळी निकामी ठरली होती. त्यानंतर गाडीतच बाटली असावी आणि शिरस्त्राणात श्वासाची हवा नेणारी नळी असावी, हे सक्तीचे झाले. तरी दोन वर्षेही उलटली नाहीत तोच, २९ जुलै १९७३ रोजी, हॉलंडमधल्या झांडफोर्ट येथे रॉजर विल्यमसन आपल्या उलट्या पडलेल्या गाडीखाली अडकला. वय २५, आणि ही त्याची दुसरीच ग्रां प्री. डेव्हिड पर्ली या चालकाने आपली शर्यत सोडली, गाडी उभी केली, ट्रॅक ओलांडून तो धावत गेला आणि ती पेटती गाडी एकट्याने उलथवायचा प्रयत्न करू लागला. हाताला लागलेले एक अग्निशामक त्याने रिकामे केले. जवळच्या मार्शलकडे आगीपासून वाचवणारे कपडे नव्हते. त्यांना जवळ जाता येईना. पर्ली हाच पेटलेल्या गाडीचा चालक असून तो सुखरूप बाहेर आला आहे, अशा समजुतीने बाकीचे चालक बाजूने जात राहिले. शर्यत चालूच राहिली. विल्यमसन गुदमरून गेला. पर्लीला पुढे या धैर्यासाठी जॉर्ज पदक मिळाले.

आता ‘माझा जीव, माझा धोका’ हे म्हणणे झांडफोर्टच्या त्या काही मिनिटांशी ताडून पाहावे. विल्यमसनने कोणता धोका पत्करला होता? वेगाचा, टकरीचा, कदाचित आगीचाही. पण पर्लीने दुसऱ्याच्या पेटत्या गाडीला हात लावण्याचा करार कुणाशीही केला नव्हता. तो धावला, कारण समोर माणूस जळताना पाहून धावणे हे माणसाच्या स्वभावातच आहे. ज्या समाजात माणसे असे धावतात, त्या समाजात कोणताही धोका संपूर्ण खाजगी राहू शकत नाही. माझ्या गाडीतल्या आगीत माझ्याखेरीज आणखी एक जीव आधीच गुंतलेला असतो. तो कुणाचा, हे मात्र ठरलेले नसते.

याचा सर्वांत दुःखद दाखला दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामीचा. ५ मार्च १९७७ रोजी रेन्झो झोर्झीची गाडी बिघडून सरळ रस्त्याच्या कडेला थांबली आणि तिच्यात लहानशी आग लागली. झोर्झी सुखरूप बाहेर पडला. पलीकडून दोन मार्शल ट्रॅक ओलांडून धावले. त्यांतल्या १९ वर्षांच्या मुलाच्या हातात अग्निशामक होते. चढावापलीकडून भरवेगात आलेल्या टॉम प्राइसला तो दिसलाच नाही. गाडीने मार्शलला उडवले, त्याच्या हातातले अग्निशामक प्राइसच्या डोक्यावर आदळले, आणि दोघेही जागीच गेले. आगीने त्या दिवशी कुणाचाच बळी घेतला नाही. अमुक यंत्रणा असती तर हे टळले असते, असा दावा मी करत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की चालकाला खरचटणारही नाही अशी आगसुद्धा दोन माणसांना मरणाच्या वाटेवर आणू शकते.

महाभारतात हा प्रश्न फार पूर्वीच येऊन गेला आहे. वारणावतातल्या लाक्षागृहात पांडव राहायला गेले तेव्हा आगीची पूर्वसूचना विदुराने दिली होती. त्यावर युधिष्ठिराने काय केले? जे होणार ते होणारच असे म्हणून तो हातावर हात ठेवून बसला नाही. विदुराने पाठवलेल्या खनकाने घराच्या आतून भुयार खणले, त्याचे तोंड जमिनीबरोबर झाकून ठेवले, आणि पांडव सावधपणे तिथे राहिले. ज्याला आपण धर्मराज म्हणतो त्याने निसटण्याची वाट आधी तयार केली, आणि यात त्याच्या धर्माला किंवा त्याच्या भावांच्या शौर्याला बाध आला असे कुणी म्हणत नाही. श्रद्धाळू आक्षेपकाला एवढे उत्तर पुरेसे व्हावे. पण कथा इथे संपत नाही. त्या रात्री जेवायला आलेली एक निषाद स्त्री आणि तिचे पाच मुलगे त्याच घरात झोपले होते. ते जळाले, आणि त्यांच्या देहांवरून पांडवच मेले अशी सर्वांची समजूत झाली. महाभारत हे लपवत नाही. मला या प्रसंगाने कायम अस्वस्थ केले आहे, आणि त्यातूनच एक कसोटीही मिळाली आहे: माझ्या वागण्याने आगीचे ओझे कमी होते की ते दुसऱ्या कुणाच्या अंगावर सरकते? पांडवांच्या तरतुदीने ते सरकले. गाडीतली बाटली ते कमी करते. बाटली न बसवणारा शूर मात्र आपले ओझे मार्शलच्या अंगावर टाकतो, आणि त्यालाच स्वतःचे धैर्य समजतो.

आता दैवाकडे येऊ. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीला जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची साधने, नाना प्रकारचे प्रयत्न आणि पाचवे दैव. या पदांचे अर्थ टीकाकारांनी वेगवेगळे लावले आहेत, आणि क्रमावरूनच महत्त्व ठरते असेही मला म्हणायचे नाही. पण दैव तिथे एकटे येत नाही, बाकीच्या चारांच्या जोडीने येते, हे कोणत्याही अर्थाने वाचले तरी खरे राहते. पहिली चार कारणे आपल्या पुऱ्या किंवा अपुऱ्या ताब्यात असतात. साधनांची बाजू उघडी टाकून पाचव्यावर भार घालणे याला दैवावरचा विश्वास म्हणता येत नाही. आपल्या वाट्याचे काम आपण दैवाकडून करून घेऊ पाहतो आहोत, एवढाच त्याचा अर्थ होतो. योगवासिष्ठातला वसिष्ठ तर याहून पुढे जातो. ज्याला लोक दैव म्हणतात ते स्वतःच्याच पूर्वीच्या प्रयत्नाचे फळ, असे तो रामाला पुन्हा पुन्हा समजावतो. इतके टोकाला न जाताही एक गोष्ट मान्य करता येईल. आज बसवलेली बाटली उद्याच्या अपघातात ‘आधीपासून असलेली परिस्थिती’ म्हणून उभी राहते, आणि वाचलेला माणूस तिलाच नशीब म्हणतो.

शर्यतीच्या जगात श्रद्धेचा प्रश्न सर्वांत ठळकपणे पुढे आला तो आयर्टन सेनाच्या निमित्ताने. सेना उघडपणे ईश्वरनिष्ठ होता. देवावर विश्वास असल्यामुळे आपल्याला मरण येणारच नाही असे त्याला वाटते आणि म्हणून तो इतरांना धोकादायक आहे, अशी जाहीर तक्रार त्याचा प्रतिस्पर्धी अलँ प्रॉस्ट याने केली होती. तक्रार गंभीर आहे, आणि सेनाच्या काही कृती पाहता ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण त्याच सेनाने ऑगस्ट १९९२ मध्ये बेल्जियमच्या स्पा येथे सरावात काय केले, तेही पाहिले पाहिजे. एरिक कोमास आदळून बेशुद्ध पडला होता, त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरच होता आणि इंजिन किंचाळत होते. सेनाने आपली गाडी थांबवली, चालत्या ट्रॅकवरून तो धावला, कोमासच्या गाडीचे इंजिन त्याने बंद केले आणि मदत येईपर्यंत त्याचे डोके धरून ठेवले. इंजिन बंद करण्याचे कारण उघड आहे: आग. देवावर एवढा भरवसा असणाऱ्या माणसाचा हात त्या क्षणी स्विचकडे गेला. यात मला विसंगती दिसत नाही. दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न येताच त्याने ईश्वराच्या इच्छेचा अंदाज बांधत वेळ घालवला नाही. आपल्या श्रद्धेचा सर्वांत चांगला अर्थ त्याने कदाचित त्या मिनिटात दाखवून दिला.

शूराचा आक्षेप मला याहून अवघड वाटतो, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. धोका पूर्ण काढून टाकला तर शर्यत शर्यत उरत नाही, हे खरे. पण वेगाचा धोका आणि जळून मरण्याचा धोका हे एकाच जातीचे नाहीत. पहिल्यावर चालकाचे कौशल्य चालते. ब्रेक कुठे लावायचा, कुठे वाट सोडायची, हे तो ठरवतो. उलट्या गाडीत अडकून धुरात गुदमरताना त्याचे कसलेच कौशल्य चालत नाही. ज्यावर काहीच चालत नाही ते सोसण्यात शौर्य कोणते? निकी लाउडा या चालकाचे १९७६ हे वर्ष इथे आठवावे. सुमारे २३ किलोमीटर लांबीच्या नुर्बुर्गरिंगवर आग आणि बचावाची पुरेशी व्यवस्था ठेवणे शक्यच नाही, म्हणून तिथे शर्यत नको, असे त्याने आधीच सुचवले होते. चालकांनी ते मान्य केले नाही. १ ऑगस्टला तो तिथेच पेटत्या गाडीत अडकला. त्याला ओढून काढले ते मागून आलेल्या चालकांनी: मर्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि एर्टल. ४२ दिवसांनी, जखमा पुरत्या भरल्या नसताना, तो मोंझाला शर्यतीत उतरला आणि चौथा आला. आणि ऑक्टोबरमध्ये फुजीच्या मुसळधार पावसात दोन फेऱ्यांनंतर त्याने गाडी स्वतःहून थांबवली. विश्वविजेतेपद एका गुणाने गेले. मोंझाचा लाउडा शूर आणि फुजीचा भित्रा, अशी वाटणी मला जमत नाही. गीतेत तामस कर्माचे लक्षण असे दिले आहे: परिणाम, हानी, दुसऱ्याला होणारी इजा आणि आपली कुवत यांचा विचार न करता मोहापोटी सुरू केलेले कर्म. बाटलीवाचून शर्यतीत उतरणे या लक्षणात शब्दशः बसते. त्याला क्षात्रतेज म्हणणे हा तमाला दिलेला मान आहे.

यावर कुणी जॉन स्टुअर्ट मिलचा आधार घेईल. १८५९च्या ‘ऑन लिबर्टी’त त्याने पुलाचे उदाहरण दिले आहे. पूल मोडकळीला आलेला आहे हे ज्याला माहीत नाही त्याला धरून थांबवावे. पण माहीत असूनही ज्याला जायचे आहे त्याला सावध करावे आणि जाऊ द्यावे. चालक अजाण नाही, मग सक्ती कशाला? पहिले उत्तर वर येऊन गेले: या पुलाखाली दुसरी माणसे उभी आहेत, आणि मिललाही त्यांची पर्वा आहे. दुसरे उत्तर जाणण्यासंबंधी आहे. रोमँ ग्रोजाँ हा फ्रेंच चालक डोक्याभोवतीच्या ‘हेलो’ या संरक्षक कमानीच्या विरोधात होता. तो अजाण नव्हता. त्याच्या पिढीत या विषयावर त्याच्याइतकी माहिती असणारे थोडेच. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये ताशी १९२ किलोमीटर वेगाने त्याची गाडी कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले, टाकीला जोडलेली इंधनाची नळी तुटली आणि भडका उडाला. तो २८ सेकंदांनी आगीतून बाहेर आला, हात भाजलेले. आत अडकला असताना मुलांचा विचार मनात आला आणि त्यानेच पुन्हा धडपडायला लावले, असे त्याने नंतर सांगितले. हेलो नसते तर आज मी बोलायला नसतो, हेही त्याने रुग्णालयातूनच मान्य केले. आगीबाहेर बसून घेतलेला निर्णय आणि आगीच्या आतला माणूस यांच्यात एवढे अंतर असते. सक्ती नेहमीच योग्य ठरते, असे यावरून सिद्ध होत नाही. पण ‘मला माहीत आहे’ या वाक्याचे वजन आगीच्या बाबतीत आपण समजतो त्याहून पुष्कळ कमी असते, एवढे निश्चित.

सुरक्षितता वाढली की माणूस बेफिकीर होतो, हा आक्षेप राहिला. अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मोटारसुरक्षेच्या नियमांबद्दल तो मांडला होता, आणि त्यावरचा वाद अजून चालू आहे. पण ब्रेक किंवा टायर सुधारले तर चालकाला ते दर वळणाला जाणवते आणि तो वेग वाढवतो. आसनामागची बाटली त्याला कोणत्याच वळणाला जाणवत नाही. बाटली आहे म्हणून पेटायला हरकत नाही, असे म्हणून कुणी जास्त जोरात गाडी चालवत नाही.

खरा दोष दुसरीकडेच आहे आणि तो मोठ्या स्पर्धांपेक्षा लहान क्लबांच्या शर्यतींत अधिक संभवतो. बाटली बसवली जाते ती तपासणीत पास होण्यासाठी. वाहतुकीत चुकून सुटू नये म्हणून तिच्या खटक्यात सेफ्टी पिन असते. ती शर्यतीपूर्वी काढायची असते. ती तशीच राहिली तर ओढणाऱ्याने कितीही जोर लावला तरी काही उपयोग नाही. दाबाचा काटा उतरलेला असतो, ठरलेली सर्व्हिस टळलेली असते, विजेवर चालणाऱ्या खटक्याची बॅटरी बदललेली नसते. सत्यनारायणाची पूजा मांडून कथा चालू असताना यजमानाने फोनवर धंद्याची बोलणी करत बसावे, तसे हे. आणि यात देवाची नव्हे, तर धावत येणाऱ्या माणसाची फसवणूक होते. तो लाल अक्षर पाहतो, खटका ओढतो आणि आतून काहीच येत नाही. मिळतील असे त्याला वाटलेले सेकंद त्याने तोवर आगीच्या जवळ घालवलेले असतात. खोटी बाटली ही बाटली नसण्यापेक्षा वाईट, ती या कारणाने.

आगीचे ओझे कमी होते की सरकते, ही कसोटी मान्य केली तर ती आपल्या बाजूनेही कडक लावावी लागेल. एकेकाळी या बाटल्यांत हॅलॉन असे. आग विझवण्यात त्याला तोड नव्हती, पण ते ओझोनचा थर खात होते. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर ते हळूहळू बाहेर गेले. नंतर आलेल्या फेसांपैकी अनेकांतली फ्लोरिनयुक्त रसायने माती-पाण्यात वर्षानुवर्षे टिकून राहतात, आणि आता त्यांनाही पर्याय शोधले जात आहेत. म्हणजे माझ्या आगीचे ओझे मार्शलच्या अंगावरून काढून दूरच्या विहिरीवर टाकणेही चालणार नाही. हे शोध महाग आहेत, बाटल्या महाग होतात, आणि हौशी चालकाला ती झळ बसते, हे मला मान्य आहे. त्याचा खर्च कमी करण्याचे मार्ग क्लबांनी शोधावेत: बाटल्यांची सामायिक खरेदी, सामायिक सर्व्हिस, वजनात थोडी सवलत. एका गोष्टीला मात्र खर्च लागत नाही. गाड्यांच्या तपासणीत आज तांत्रिक तपासनीस असतो. त्याच्या शेजारी त्या दिवशी ट्रॅकवर उभा राहणारा एक मार्शलही असावा. पिन, काटा आणि बाहेरचा खटका त्याने स्वतःच्या हाताने पाहावा, आणि त्याची सही नसेल तर गाडी ट्रॅकवर जाऊ नये.